आत्याची वेबसाइट आणि ज्याच्या त्याच्या जाहिराती

माझी आत्या शिवणयंत्रं दुरुस्त करते. चाळीस वर्षं हेच करते आहे. तिचं दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर पोट उघडून ठेवलेली यंत्रं, आणि मधे उंच स्टुलावर आत्या. हात तिचा हलका आहे, तोंड नाही. कोणी यंत्र टेबलावर ठेवलं की आधी ती यंत्राची विचारपूस करते आणि मग माणसाची अब्रू काढते.

"यात तेल कोणी घातलं?"

"मीच. का?"

"स्वयंपाकाचं घातलंयत. आता यात टाके पडायचे नाहीत, भजी तळा."

तरीही लोक तिच्याकडेच येतात, कारण यंत्र परत नेलं की ते पाच-दहा वर्षं कुरकुरत नाही. पुढे लोक फोनही करायला लागले. धागा तुटतो, टाका सुटतो, खालचा दोरा वरच येत नाही. दहापैकी नऊ वेळा सुई उलटी बसवलेली असायची. एकदा दिवसभरात अकरावा असा फोन ठेवून आत्या मला म्हणाली, "हे एकदाच कुठेतरी लिहून टाक आणि या सगळ्यांना तिकडे हाकल."

मी विम्याच्या कचेरीत कॉम्प्युटरवर काम करते. वेबसाइट बनवायची हौस मला होती, साहस आत्याकडे होतं. ती सांगायची, मी टाइप करायचे. मी तिची वाक्यं जरा मऊ करायचे आणि ती पुन्हा होती तशी करून घ्यायची. 'धागा का तुटतो' या पानाचं पहिलं वाक्य आजही असं आहे: 'कारण तुम्ही सुई उलटी बसवली आहे. नाही म्हणू नका, आधी बघा.'

दोन वर्षांत चाळीसेक पानं झाली आणि रोज काही हजार लोक ती वाचायला लागले. समोर कोणी नसताना बोलणी खायला माणसाला बरं वाटत असावं.

वाचक वाढले तसा वेबसाइटचा खर्चही वाढला. म्हणून मीच जाहिरातींचा विषय काढला. एका जाहिरात कंपनीत नाव नोंदवलं, त्यांनी दिलेल्या कोडच्या चार ओळी प्रत्येक पानात चिकटवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आत्याच्या शिव्यांशेजारी रंगीत चौकोन दिसायला लागले.

"यात माझ्या दुकानाची जाहिरात का नाही?" आत्याने विचारलं.

"तू जागा देतेस, जाहिरात दुसऱ्याची. कोणाची ते कंपनी ठरवते."

"कशावरून ठरवते?"

मी समजावलं. माणूस नेटवर हिंडतो तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्याच्यावर एकेक बारीक खूण केली जाते, जशी शिंपी कापडावर खडूने करतो तशी. याने बूट पाहिले, याने गादीची किंमत विचारली. तोच माणूस आपलं पान उघडतो तेव्हा कंपनी त्या खुणा वाचते आणि पापणी लवायच्या आत लिलाव होतो. बूटवाला, गादीवाला, सगळे बोली लावतात. जो जास्त देईल त्याची जाहिरात दिसते. त्यातला थोडा वाटा आपला.

आत्याने स्क्रू पिळणं थांबवलं. "म्हणजे पान माझं, गिऱ्हाईक माझं, आणि लिलावात उभं कोण, तर तेच?"

"सगळे असंच करतात, आत्या. आणि आपण परवानगी विचारतो की. पान उघडताना चौकट येते, त्यात 'मान्य' असं बटण आहे."

"ते कोणी वाचतं?"

"नाही."

"मग ती परवानगी नव्हे, ते माशी हाकलणं झालं."

मी विषय बदलला. तिला एकच नियम बजावला, आपल्याच पानावरच्या जाहिरातीवर बोट ठेवायचं नाही. कंपनीला ती लबाडी वाटते आणि खातं बंद होतं.

महिन्याभराने पलीकडच्या गल्लीतले टेलरमास्तर तणतणत दुकानाच्या दारात आले. साठीचे गृहस्थ, पण डोक्यावर असं दाट काळंभोर जंगल की त्यांच्या निम्म्या वयाच्या लोकांनी हेवा करावा. आत दोन गिऱ्हाइकं होती, शिवाय मी. मास्तरांनी दारातूनच आपला फोन टेबलावर सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"ताई, तुमची वेबसाइट मी चार लोकांना सांगितली. आणि तुम्ही त्यावर काय दाखवताय? टोप! केसांचे टोप! वर ते चिकटवायचा गोंद! घामाने सुटत नाही म्हणे. शिवणकामाचा आणि याचा काय संबंध?"

आत्याने आपल्या फोनवर तेच पान उघडलं. तिला दिसले गुडघ्याचे पट्टे. तिने माझा फोन मागितला. मी निष्पाप मनाने दिला. माझ्या फोनवर त्याच जागी आलं, 'सध्याच्या नोकरीला कंटाळलात?'

तीन फोन टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. पान एक, जागा एक, आणि जाहिराती तीन. आत्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

"नोकरी सोडतेयस? तुझ्या बापाला माहीत आहे?"

"सहज बघत होते," मी म्हटलं.

मग तिने मास्तरांकडे पाहिलं. म्हणजे चेहऱ्याकडे नाही, जरा वर. दोन्ही गिऱ्हाइकांनीही तिकडेच पाहिलं. मास्तरांचा हात आपोआप कपाळाच्या वरच्या काठाकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. जाहिरात सगळ्यांना सारखी दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. आत्याने एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच समोर आलेली संधी सोडली.

"कंपनीची काहीतरी चूक असेल, मास्तर. बघते मी," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिने पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावला: 'वेबसाइटवरच्या जाहिरातींबद्दल तक्रार करण्याआधी घरी बसून नीट विचार करावा.' पाटी वाचून लोक हसायचे. पण तक्रार घेऊन पुन्हा कोणी आलं नाही.

इथवर सगळी गंमतच होती. आता आतोबांबद्दल सांगायला हवं.

आतोबा बस चालवायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मुळातच कमी बोलणारा माणूस, पण गेली दोन वर्षं तर 'हं'च्या पुढे गाडी जात नव्हती. आत्या दुकानातून घरी येऊन दिवसभराचं सगळं सांगायची आणि ते खिडकीशी बसून 'हं' म्हणायचे. कधी कधी नको तिथे म्हणायचे. तिला वाटायचं, माणसाला आपला कंटाळा आला. माझ्याकडे बोलली नव्हती, पण घरात तिचं बोलणं कमी होत गेलं होतं आणि दुकानातलं वाढलं होतं. गिऱ्हाइकांवर सुटणारा तोंडाचा निम्मा पट्टा खरं तर आतोबांच्या वाट्याचा होता.

एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. घरच्या कॉम्प्युटरवर ती 'बॉबिन कशी भरावी' हे, खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाचं, पान तपासत बसली होती.

"माझ्या पानावर कानाची यंत्रं आली आहेत," ती म्हणाली. "एवढीशी. 'समोरच्याला कळणारसुद्धा नाही' असं लिहिलंय. मी कानाचं काही शोधलेलं नाही."

"त्या कॉम्प्युटरवर आणखी कोण बसतं?"

तिने फोनच ठेवला.

पुढे काय झालं ते तिनेच मला नंतर सांगितलं. आतोबा खिडकीशी पेपर वाचत होते, पाठ तिच्याकडे. ती दारात उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, मी समोरच्या प्लंबरबरोबर पळून चालले आहे."

"हं," आतोबा म्हणाले. "येताना दूध आण."

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून हसली. हसता हसता तिला रडू फुटलं. दोन वर्षं ती ज्या माणसावर फुगून बसली होती, तो आवाजाच्या चढउतारावरून अंदाज बांधत उत्तरं देत होता. आणि ते बायकोला सांगायची लाज वाटून एकटाच कॉम्प्युटरवर शोधत होता.

जाहिरातीवर बोट ठेवायचं नाही हा नियम तिने तेव्हाही पाळला. कागदावर त्या यंत्राचं नाव लिहून घेतलं. आतोबांना थेट विचारायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. सोमवारी ती त्यांच्या समोर बसून म्हणाली, "माझा उजवा कान सारखा गुणगुणतो. डॉक्टरकडे जायचंय, पण एकटीला धाकधूक वाटते. तुम्ही चला."

ते लगेच निघाले. दवाखान्यात तिने डॉक्टरांना बाजूला घेऊन पढवलं होतं. आधी तिला काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन चढवले, मग डॉक्टर सहज म्हणाले, "आलाच आहात तर तुमचेही तपासू." आतोबांनी आत्याकडे पाहिलं. माणूस कमी ऐकत होता, मूर्ख नव्हता.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"कालपासून."

"कोणी सांगितलं?"

"बॉबिनच्या पानाने."

तपासणीत निघालं ते असं: आतोबांचे दोन्ही कान बरेच उतरले होते, आणि आत्याचा उजवाही थोडा. सबब म्हणून सांगितलेला कान खरोखरच बिघडला होता. चाळीस वर्षं शिवणयंत्रांच्या मोटारींना कान लावून बसण्याचं फळ. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर आतोबा खूश होऊन इतक्या मोठ्याने हसले की बाहेरच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले.

यंत्र बसवल्यापासून आतोबा बोलतात. फार बोलतात. आत्या काही म्हणाली की तिचं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार. "आधीच बरं होतं," असं ती मला म्हणते, पण हल्ली दुकान अर्धा तास लवकर बंद करते.

त्याच आठवड्यात तिने मला सांगितलं, "त्या खुणा वाचून येणाऱ्या जाहिराती बंद कर."

मी वाद घातला. म्हटलं, "उत्पन्न निम्म्याच्याही खाली जाईल. आणि त्या जाहिरातीमुळेच तर तुला कळलं ना?"

"कळलं, ते बरंच झालं," आत्या म्हणाली. "पण ते मला यांनी सांगायचं होतं, यांना वाटेल तेव्हा. माझ्या पानाने चुगली करायची नव्हती. मी लोकांना सुई कशी बसवायची ते सांगते. त्यांच्या घरात काय चाललंय, ते माझ्या दारात टांगायची मला काय गरज?"

मी सेटिंग बदललं. आता वाचक कोण आहे ते बघून नाही, तर पानावर काय लिहिलंय ते बघून जाहिरात येते. सुईच्या पानावर सुया, तेलाच्या पानावर तेल. उत्पन्न खरंच निम्म्याखाली गेलं. वेबसाइटचा खर्च जेमतेम निघतो.

पंधरा दिवसांनी जाहिरात कंपनीतून फोन आला. पोरगेलासा, फार गोड आवाज; मागे कुकरची शिट्टी, म्हणजे घरूनच काम करत असावा. आत्याने फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुम्ही वैयक्तिक जाहिराती बंद केल्या आहेत. तुमचं नुकसान होतंय."

"होऊ दे. तुमच्या घरी शिवणयंत्र आहे का?"

"आहे... आईचं आहे. पण मॅडम, आपल्या वाचकांच्या आवडीनिवडी..."

"चालू आहे?"

पलीकडे जरा चुळबुळ झाली. "नाही. दोन महिने बंद आहे. खाली दोऱ्याचा गुंता होतो."

"वरचा दोरा ओवताना कापड दाबणारी पट्टी वर असते की खाली?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"मग आईला विचारा. खाली असेल तर वर करा, दोरा काढून पुन्हा ओवा. आणि सुई बघा. उलटी बसवलेली असेल."

"नाही हो मॅडम, सुई तर..."

"नाही म्हणू नका. आधी बघा," आत्या म्हणाली आणि समोरच्या यंत्राचा उरलेला स्क्रू पिळायला लागली. फोन चालूच होता. पलीकडून तो पोरगा आईला हाक मारत होता.