पुस्तकांच्या नोंदींची शर्यत

वाचनालयाच्या संगणक खोलीत सगळे त्यांना काकू म्हणत. निवृत्ती तोंडावर आली होती, तरी नवं काही दिसलं की काकू कान टवकारत. पुस्तकांच्या नोंदींची फाइल त्यांनीच तरुणपणी बांधलेली. कोणता रकाना अक्षरांचा, कोणता आकड्यांचा, सारं जुन्या पद्धतीने ओळीओळीने आखून. आता शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तीच फाइल नव्या पद्धतीने आखली होती. दोन्हींतली कोणती ठेवायची, ते आज दोघींची शर्यत लावून ठरवा, असं ग्रंथपालांनी सांगितलं होतं.

"काकू, तुमची म्हातारी फाइल धापा टाकणार बघा!" बाई म्हणाल्या.

"टाकू दे. मलाही बघायचंच आहे."

आधी नोंदी भरायची फेरी झाली. म्हातारी भराभर पुढे गेली आणि नवी एका नोंदीपाशी अडून बसली. पाहतात तो काय, पानांच्या संख्येच्या जागी कुणीतरी लिहिलं होतं, 'पुष्कळ'! दोघींची हसून पुरेवाट झाली.

"माझी बिचारी कुणाला नाही म्हणत नाही," काकू ऐटीत म्हणाल्या. नोंद दुरुस्त झाली, भरणं संपलं. मग शोधायची फेरी, आणि तिथे नवीने म्हातारीला पार मागे टाकलं.

काकूंना चैन पडेना. "असं का हो?"

"इतरही कारणं आहेत. पण मुख्य म्हणजे, तुमची भरताना बघतच नाही, काढताना दर वेळी तपासते. माझी दारातच तपासते, मग निवांत."

"म्हणजे ते एक पुस्तक शोधलं की यंत्र अडायचं, ते या 'पुष्कळ'मुळे? आणि आम्ही उगाच वायरींना दोष देत होतो!"

ग्रंथपाल डोकावले. "काय ठरलं, काकू?"

काकूंनी आपल्या फाइलीकडे एकदा पाहिलं. "पुस्तक इथे एकदाच येतं, साहेब. शोधतात मात्र दिवसभर. नवी ठेवा."

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्या डाळीची अख्खी पिशवी ताटात ओतून खडे निवडायला बसल्या. एरवी लागेल तेवढी मूठभर डाळ निवडायची, तीही ऐन स्वयंपाकाच्या घाईत. सासूबाई मात्र सगळी निवडूनच डब्यात भरत, त्यावरून त्यांचं बोलणं ठरलेलं.

सासूबाई बघतच राहिल्या. "आज सूर्य कुठे उगवला गं?"

"हरले आज, आई."

"कुणाशी?"

"सांगते. आधी हे सांगा, तुम्ही डाळ निवडूनच डब्यात भरायला कधीपासून लागलात? आणि का?"