दिवे गेल्यावरचे इंग्रजी शब्द

आम्ही नवघरला राहायला आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या मागे गावातली बैठी घरं होती आणि समोर दोन बिल्डिंगा अर्धवट उभ्या होत्या. बाबा फोर्टच्या एका ऑफिसात कारकून होते. ते घरी पोचेपर्यंत आमची जेवणं उरकलेली असायची. संध्याकाळी घरात आई, मी आणि माझी धाकटी बहीण एवढेच असायचो. मी नववीत होते, ती सहावीत. आणि संध्याकाळी जवळजवळ रोज दिवे जायचे.

दिवे गेले की जिन्यात "बत्ती गई, बत्ती गई" असा पुकारा व्हायचा. आई एक मेणबत्ती लावायची, पण ती स्वयंपाकघरात, ओट्यावर. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघी अंधारात. त्या अंधारासाठी धाकटीने एक खेळ काढला. एकीने उजेड देणाऱ्या वस्तूचा इंग्रजी शब्द सांगायचा, दुसरीने प्रसिद्ध माणसासाठीचा. एकदा आलेला शब्द त्या दिवशी परत चालणार नाही. आणि दोन्हीकडे चालेल असा शब्द जिला सापडेल, ती कायमची जिंकली. खेळ तिथेच संपला.

"कँडल," ती म्हणायची.

"हीरो."

"टॉर्च."

"लीडर."

"लँटर्न."

"व्हीआयपी."

"ए ताई, ही नुसती अक्षरं आहेत! शब्द कुठाय?"

मग भांडण, आणि आतून आईचा आवाज, "हळू गं, शेजारी ऐकतायत."

पहिल्याच दिवशी मी 'स्टार' सांगून जिंकायला बघितलं होतं. आकाशातला तारा आणि सिनेमातला स्टार. तिने साफ नकार दिला. "तो सगळ्यांनाच येतो. तो धरायचाच नाही." उत्तर शोधताना ती जीभ टाळ्याला लावून टक् टक् करायची. अंधारात तेवढ्यावरून कळायचं, की ती जागेवर आहे आणि विचार करतेय.

एक दिवस ती शाळेतून आली ती दप्तर न काढताच माझ्यापुढे उभी राहिली.

"ताई, सापडला. दोन्हीकडे चालणारा. बाईंच्या टेबलावर ती जाडी डिक्शनरी असते ना, त्यात. लांबलचक आहे."

"सांग मग."

"आत्ता नाही. दिवे गेले की."

"काय फरक पडतो?"

"खेळ अंधारातलाच आहे," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी दिवे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही गेले नाहीत. ती खिडकीत उभी राहून समोरच्या बिल्डिंगवरच्या मजुरांच्या बल्बकडे बघत होती, तो विझतोय का म्हणून. मग तिला ताप आला. आधी साधाच वाटला, पण डोळे पिवळे दिसायला लागले. गावातल्या एका बाईने काविळीची माळ घातली. ती माळ लांब होत पोटापर्यंत आली, म्हणजे कावीळ उतरायला हवी होती, पण ताप हटेना. बाबांनी तिला हॉस्पिटलात नेलं. आई तिच्यापाशी राहिली. मी घरी बाबांसाठी भात लावायचे. एकदाच मला भेटायला नेलं तेव्हा ती झोपली होती. तिथून ती घरी आली नाही.

नंतर बाबांनी केबिन रोडवरच्या दुकानातून इमर्जन्सी लाइट आणला. दिवे गेले की तो आपोआप लागायचा. सगळी खोली पांढरीफटक व्हायची, ती दप्तर अडकवायची त्या खिळ्यासकट. बाबांना घरात अंधार नको होता. ते घरी असताना तो लाइट लागला की मान खाली घालून पेपर वाचत बसायचे. मी शेजारी बसायचे आणि ऐकायचे. कॉटच्या ज्या टोकाला ती बसायची, तिकडून टक् असा आवाज यायचा. पाल असेल, पंख्याची मोटर थंड होत असेल, मी स्वतःला समजवायचे. तरी माझ्या तोंडात पुढचा शब्द तयार असायचा.

डिक्शनरीला मी मुद्दामच हात लावला नाही. तिचा शब्द मला असाच, दुसरंच काही शोधताना सापडला असता, तर ते मला सहन झालं नसतं.

मी कॉलेजात गेले त्यानंतरची गोष्ट. एका संध्याकाळी घरी आले तर जिन्यात काळोख. आमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत इमर्जन्सी लाइट लागलेला नव्हता. मला वाटलं, बिघडला. दार ढकलणार तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"कँडल."

मग शांतता. समोरच्याला उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ.

"टॉर्च."

पुन्हा तेवढीच शांतता.

आई मराठी सातवीपर्यंत शिकलेली. ओट्यापाशी उभं राहून तिने आमचे सगळे शब्द ऐकलेले होते. ती "लँटर्न" म्हणाली. पुन्हा थांबली. आणि मग अगदी हळू म्हणाली, "लुमीनारी."

हा शब्द आमच्या खेळात कधीच आला नव्हता. त्यानंतरच्या शांततेत मला तो टक् आवाज स्पष्ट ऐकू आला. मी आजही त्यावर कुणाशी वाद घालत नाही.

मी आत गेले. आईने धडपडत उठून लाइटचं बटण वर केलं. पांढऱ्या उजेडात ती चोरी पकडली गेल्यासारखी दिसत होती.

"आई, हा शब्द तुला कुणी सांगितला?"

"तिनेच. हॉस्पिटलात."

"मला का नाही सांगितलास?"

"ती म्हणाली होती, ताईला सांगू नकोस, घरी गेल्यावर मीच सांगणार." आई पदराला हात पुसत राहिली. "तिचा होता तो. मी कसा सांगू? त्यात नारी आहे, म्हणून लक्षात ठेवता आला."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत मी डिक्शनरी उघडली. ल्युमिनरी. सूर्य-चंद्रासारखी उजेड देणारी वस्तू. आणि खाली दुसरा अर्थ, आपल्या क्षेत्रात नावाजलेली मोठी व्यक्ती. दोन्हीकडे चालत होता. बारा वर्षांच्या मुलीने तो बरोबर ओळखला होता.

घरी येऊन आईला अर्थ सांगितला. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतला.

"म्हणजे ती जिंकली?"

"हो. कायमची."

आईने निवडलेली भाजी धुवायला घेतली. त्यानंतर दिवे गेले की ती लाइट बंद करून बसली नाही. काही दिवसांनी मीच विचारलं. ती म्हणाली, "आता येत नाही गं ती. खेळ संपला ना तिचा."

मला ते पटेना. पुढच्या वेळी दिवे गेले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. मी इमर्जन्सी लाइटचं बटण खाली केलं, कॉटवर बसले आणि म्हणाले, "कँडल."

बाहेर मजूर एकमेकांना हाका मारत होते. मी थांबले. पुन्हा म्हटलं.

"लाव तो लाइट," आई आतून म्हणाली. "मला इकडे काही दिसत नाहीये."