साडभाऊंचा फळा

आमच्या साडूंनी आयुष्यात दुसऱ्याचं पत्र कधी वाचलं नाही, आणि स्वतःला आलेलंसुद्धा ते पाकिटावरचं नाव दोनदा तपासून, बायकोला एकदा दाखवून, मगच फोडत. असा माणूस चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दुसरा नसेल, आणि नाही तेच बरं आहे, कारण असा माणूस नात्यात असला की साधं जगणंही अवघड होऊन बसतं. बसमध्ये शेजारच्याने पेपर उघडला की ते मान वळवून खिडकीबाहेर बघत. पेपर त्याचा, आपण कसा वाचायचा? एकदा वरोऱ्याहून चंद्रपूरला जाताना एका बाजूला पेपरवाला आणि दुसऱ्या बाजूला बायकोचं पत्र वाचणारा एक जवान असे दोघे आले. साडूंनी सगळा प्रवास डोळे मिटून केला आणि स्टँडवर उतरायचं सोडून ते थेट डेपोत पोचले. लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब’ हा शब्द नसला तर ती पत्रिका ते बायकोलाही दाखवत नसत. “तिले कुठी बोलावलं हाय त्याइनं?” एवढंच त्यांचं म्हणणं. सख्ख्या मामेभावाच्या लग्नाला ते असे एकटेच जेवून आले होते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे या नात्याला साडभाऊ म्हणतात. ते मला साडभाऊ म्हणत, मी वयाने लहान म्हणून नुसतं भाऊ म्हणे, आणि त्यांच्या बायकोला मी बाई म्हणतो. ते माजरीच्या कोळसा खाणीत वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते. मी तेव्हा वरोऱ्याला एका विम्याच्या ऑफिसात होतो. गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. इंटरनेट हा शब्द आम्ही ऐकला होता, पण तो चंद्रपूरपर्यंत आला नव्हता. घरी फोन लागावा म्हणून साडू पाच वर्षं थांबले, आणि लागल्यावर त्यावर त्यांनी कोणाला बोलूच दिलं नाही. नागपूरहून एक जुना कॉम्प्युटर मांडीवर घेऊन ते एसटीने आले, त्याला मोडेम नावाची एक डबी जोडली, डबीला फोन जोडला, आणि घरात ‘फळा’ सुरू केला. त्या दिवसापासून त्यांच्याकडे फोन केला की पलीकडून कोंबडी कापल्यासारखा आवाज यायचा. चिमूरच्या आमच्या सासूबाईंनी तो आवाज ऐकला आणि लेकीचं काय झालं म्हणून घाबरून दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला. तो माणूस आला तेव्हा बाई अंगणात शेवया वाळत घालत होत्या.

फळा म्हणजे काय, हे साडू भेटेल त्याला सांगत, विचारलेलं नसलं तरी सांगत. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आणि फोन आहे त्यांनी यांच्या कॉम्प्युटरला फोन करायचा, आत शिरून फळ्यावर कोणी काय लिहिलंय ते वाचायचं, आपलं लिहायचं आणि फोन ठेवायचा. एका वेळी एकच माणूस आत, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. असे फळे गावोगाव होते. गडचिरोलीला टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या एका गृहस्थांचा होता, नागपूरला एक मोठा होता. पहाटे पाचला हे फळे एकमेकांना फोन लावून आपापलं टपाल पुढे ढकलत. “आपली एसटीच समजा ना,” साडू सांगत. “गडचिरोलीचा पॅसेंजर नागपूरले चालला, तं तो पहिले माजरीले उतरते, माह्या घरी बसते, दुसऱ्या दिवशी पहाटे नागपूरची गाडी धरते.” चिठ्ठीवर पत्ता म्हणून नुसते आकडे असत. आधी जगाच्या कुठल्या भागातला, मग कुठल्या जाळ्यातला, मग कुठल्या घरातला. गडचिरोलीहून नागपूरला निघालेली चिठ्ठी तिसऱ्या दिवशी पोचायची. पोस्टाचं पत्रही तिसऱ्याच दिवशी पोचतं, असं मी एकदा म्हणालो. साडू आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

या यंत्राचा मुख्य शत्रू माजरी हे गावच होतं. कोळशाची धूळ कीबोर्डात जायची, म्हणून ते दर दोन तासांनी दाढीच्या ब्रशने एकेक बटण झाडत. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की घर हादरायचं आणि आत आलेला माणूस फोनसकट बाहेर फेकला जायचा. मग साडू त्याला दुसऱ्या दिवशी कामावर भेटून माफी मागत.

मी रविवारी माजरीला जाई तो बाईंच्या हातच्या झुणक्यासाठी, पण साडूंना वाटे मी फळ्यासाठी येतो. माझा कॉलेजातला एक मित्र नागपूरच्या फळ्यावर होता. त्याला खासगी चिठ्ठी लिहिण्याची सोय आहे हे कळलं तेव्हा मी साडूंच्याच खुर्चीवर बसून लिहू लागलो. मराठी अक्षरं नव्हती, इंग्रजी लिपीत मराठी लिहायचं. मी खासगी लिहितोय हे कळताच साडू उठत. “तुमी लिवा. मी भाईर बसतो.” मे महिन्यातल्या माजरीच्या दुपारी, जेव्हा कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीत निजतात, हा माणूस डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून पत्र्याच्या ओसरीत तास तास बसून राही. आणि आत मी काय लिहीत होतो? साडूंचीच टवाळी. त्यांचा मोडेम, त्यांचा ब्रश, त्यांचं डेपोत उतरणं, सगळं तिखटमीठ लावून. मित्राला ते फार आवडे. अजून पाठव, असं त्याचं उत्तर येई. असं सहा महिने चाललं. खासगी म्हणजे कुलूपबंद, अशी माझी समजूत होती.

ती समजूत एका बारशाला फिटली. जेवणाच्या पंगतीत साडू शेजारच्या एका मास्तरांना फळा समजावत होते. मास्तरांनी विचारलं, “खासगी म्हनता, पन मधातला मानूस वाचू शकते का नाई?”

“वाचू शकते ना,” साडू म्हणाले. “सगळं उघडंच असते. माह्या मशीनमधी येते, मी उघडून पायलं तं दिसते. फक्त वरती ‘खासगी’ अशी खूण असते.”

“म्हणजे पोस्टकार्डच झालं ते.”

“हो, पन ‘वाचू नका’ असं लिवलेलं पोस्टकार्ड. मंग वाचाचं नाई.”

माझ्या हातातली बुंदी हातातच राहिली. सहा महिने मी त्यांची टवाळी त्यांच्याच घरात, त्यांच्याच कॉम्प्युटरवर, उघडी ठेवून येत होतो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “भाऊजी वाचणार नाईत. पन तुमी लिवलं कसं?” त्याआधीच्या रविवारी लिहिलेली चिठ्ठी तर सगळ्यांत लांब होती. ती एव्हाना नागपूरला पोचली असेल, झालं ते झालं, आता पुढे लिहायचं नाही, असं मी ठरवलं.

ती पोचली नव्हती. दोन दिवसांनी भर दुपारी साडू मोपेडवरून वरोऱ्याला आमच्या दारात उतरले. चेहरा कोळशाने काळा, फक्त गॉगलच्या जागी दोन गोरी वर्तुळं. खिशातून त्यांनी एक लांबट पाकीट काढलं. ते भाताच्या शितांनी चिकटवलं होतं. “तुमची चिठ्ठी वापस आली जी. पत्ता चुकला होता. वापस आलेलं माहा प्रिंटर आपोआप छापते.”

“तुम्ही वाचलं का भाऊ?”

“काऊन वाचू? खासगी लिवलं होतं ना तुमी.”

“पण छापताना दिसलं असेल.”

“दुपट्टा टाकला ना प्रिंटरवर.”

इथे मी गप्प बसलो असतो तर काही बिघडलं नसतं. बायकोने चहा आणला, ते बशीत ओतून पिऊ लागले, आणि त्यांच्या मिशीवरून कोळशाचा एक थेंब बशीत पडला. तो त्यांनी पाहिला आणि चहाबरोबर प्यायले. मला राहवेना. मी म्हणालो, “भाऊ, हे तुमच्याबद्दल आहे.”

“चांगलं का खराब?”

“खराब.”

“किती पानं हाय?”

“चार.”

त्यांनी थोडा विचार केला. “चिठ्ठी तुमची हाय. तुमी सोताच्या मर्जीनं वाचून दाखवली तं आयकाले हरकत नाई.”

मग मी वाचलं. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. भाऊ कीबोर्ड झाडतात त्याच ब्रशने दाढी करतात, म्हणून त्यांचा चेहरा कोळशाच्या मालगाड्या भरतात त्या सायडिंगसारखा दिसतो, असं पहिल्या पानावर होतं. “ब्रश अलग अलग हाय,” साडू म्हणाले. “कीबोर्डाचा लाल दांडीचा हाय. ते दुरुस्त करा.” बाई दोन वर्षांत फोनवर एक शब्द बोललेल्या नाहीत, असं दुसऱ्यावर होतं. “दोन वर्स नाई, चौदा महिने.” मोडेम लागतो तेव्हा अस्वलाला शिंक आल्यासारखा आवाज होतो, यावर ते एवढे हसले की बशी खाली ठेवावी लागली. ताडोब्याच्या बाजूला त्यांनी अस्वल शिंकताना ऐकलं होतं म्हणे, अगदी असंच. डेपोची गोष्ट आली तेव्हा नुसती मान हलवली, “हे खरं हाय.” इंग्रजी लिपीतलं ‘साडभाऊ’ मी घाईत एकदा ‘सॅडभाऊ’ असं वाचलं, तेही त्यांना आवडलं.

चौथ्या पानावर मी थांबलो.

“वाचा ना.”

“पुढे काही नाही.”

“अर्धं पान बाकी दिसून राह्यलं मले.”

मी वाचलं. लिहिलं होतं, या माणसाला जगात कोणीही पत्र लिहीत नाही, म्हणून हा जगाची पत्रं वाहत बसतो.

बशीतला उरलेला चहा साडूंनी संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली. “हेही खरंच हाय,” ते म्हणाले, आणि मग लगेच, “तुमचा शेवटचा आकडा चुकला. सात पायजे होता, तुमी एक लिवला. मी दुरुस्त करून पाठवतो.”

“नको भाऊ. आता नाही पाठवायचं.”

“काऊन? लिवलं तं पाठवासाठीच ना? एकदा टपालात पडलं ते पुढं जाते. तुमाले मागं घ्याचं असंन तं दुसरी चिठ्ठी लिवा, तीबी पाठवतो.”

मी त्यांच्या मागे मोपेडवर बसून माजरीला गेलो. पहाटेपर्यंत थांबायलाही ते तयार नव्हते. आपल्या हातून एक चिठ्ठी दोन दिवस अडकली याची त्यांना लाज वाटत होती. पहिल्यांदा लाइन लागली आणि सुरुंग उडाला. दुसऱ्यांदा नागपूरचा फळा कोणीतरी अडवला होता. तिसऱ्यांदा अर्धी गेली आणि तुटली. माझ्या बायकोने वरोऱ्याला शेजारच्या दुकानातून फोन करून बाईंना सगळं सांगायचा प्रयत्न केला, पण तिला अस्वलाची शिंकच ऐकू आली. शेवटी मीच बाईंना सांगितलं. त्या स्वयंपाकघरातून साडूंना म्हणाल्या, “जाऊ द्या ना, तुमचीच बदनामी हाय ते.”

“बदनामी असो का काई असो,” साडू आकडे फिरवत म्हणाले, “चिठ्ठी पोचवा लागते.”

आठव्या वेळी चिठ्ठी गेली. पडद्यावर गेल्याची ओळ आली तेव्हा त्यांनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच मुलीचं लग्न ठरवून दिलंय.

माझ्या मित्राने त्या चिठ्ठीला मला उत्तर पाठवलं नाही. त्याने थेट साडूंना पाठवलं, खासगी. फळ्यावर त्यांच्या नावाने आलेली ती पहिली चिठ्ठी. पुढच्या रविवारी गेलो तर साडूंनी नवा सदरा घातला होता. “तुमच्या दोस्ताची चिठ्ठी आली मले,” त्यांनी जेवताना तीनदा सांगितलं. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाले, “खासगी हाय.” मित्राला विचारलं, तोही म्हणाला, “खासगी आहे.” पुढे दोन वर्षं ते दोघं एकमेकांना लिहीत होते. काय लिहीत होते ते मला आजही माहीत नाही, आणि मित्र आता म्हणतो की त्याला आठवत नाही.

मग इंटरनेट आलं आणि फळे एकेक करून मिटले. माझी बदली नाशिकला झाली. तिथे एकदा साडूंचं पोस्टकार्ड आलं, खरं, पोस्टाचं. फळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तसं पाठवलं होतं. ‘फळा बंद करून राह्यलो. तुमचं काई यायचं बाकी असंन तं कळवा, मंगच बंद करतो.’ मी ते वाचलं, हसलो आणि टेबलाच्या खणात टाकलं.

सव्वा वर्षाने दिवाळीला माजरीला गेलो. आतल्या खोलीत कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. मी विचारलं, अजून कोण येतं फळ्यावर?

“कोनीच नाई,” साडू म्हणाले. “सगळ्यायचं उत्तर आलं होतं. तुमचं तेवढं नाई आलं, म्हनून चालू ठेवलं.”

“माझं काही बाकी नव्हतं भाऊ.”

“बरं. मंग बंद करतो.” त्यांनी बटण दाबलं, वायर काढून कोपराभोवती गुंडाळली, त्यावर दोरा बांधला, आणि म्हणाले, “चला, जेवून घ्या.”

साडूंना जाऊन आता सहा वर्षं झाली. फळा बंद केला त्या दिवशी आपलं जेवण झाल्यावर ते हात धुवायला मागच्या अंगणात गेले, तेव्हा बाईंनी मला आणखी भात वाढला आणि हळूच सांगितलं, की नागपूरचा फळा तर कधीचाच बंद पडला होता, पण माझं काही आलं असेल म्हणून सव्वा वर्ष रोज पहाटे पाचला उठून ते तिकडे फोन लावून बघत होते.