नवी नळी आणि डावा पाय

वरून ओतलेलं पाणी खालून बाहेर पडतं, हे ज्ञान मला चाळिशी उलटल्यावर रायफलीच्या नळीने दिलं.

नवी नळी वापरायच्या आधी उकळत्या पाण्याने धुवायची, असं आमच्या शेजारचे पेन्शनर हवालदार बजावून गेले होते. मुंबईहून बोटीने येताना खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून बंदूकवाल्याने तिच्यात चरबी भरली होती. मी मागीलदारी बसलो, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढला, मागच्या तोंडात नरसाळं बसवलं, पुढचं तोंड खाली धरलं आणि मोठ्या ऐटीत अख्खी किटली रिकामी केली. सगळं लक्ष नरसाळ्याकडे. पाणी पुढे कुठे जाणार, हा विचार मला शिवला नाही. ते माझ्या डाव्या पायावर गेलं.

माझी बोंब ऐकून आमची मंडळी, म्हणजे बायको, स्वयंपाकघरातून धावत आली. चुन्याची निवळी आणि खोबरेल फेटून पायाला लावता लावता म्हणाली, "मोठ्या भावोजींनी इतकी वर्षं बंदूक वापरली, पण तिच्यात कधी चहा केला नाही हो."

मी हसलो. रायफल दादाची होती. पावसाळ्याच्या तोंडावर, शेवटच्या बोटीने, त्याने ती नळी बदलायला मुंबईला धाडली होती. जुनी गंजाने खाल्ली होती. बोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा रायफल आली, पण दादा श्रावणातच गेला होता. भातं पोटरीला आलेली, डुकरं रोज नासधूस करत होती, म्हणून परवाना माझ्या नावावर झाला. कचेरीत टाक चालवणाऱ्या माणसाच्या हाती रायफल आली. डुकरांना हे कळलं असतं तर ती दिवसाही आली असती.

वहिनी फार पूर्वी वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. दादाचं म्हणून मागे उरलं ते एवढंच, ही रायफल आणि एक कुत्रा. गावठी, तांबडा, तोंडावर पांढुरका झालेला. दादा त्याला 'गड्या' एवढंच म्हणायचा. दादा गेल्यापासून तो पडवीत रायफलीच्या रिकाम्या खुंटीखाली पडून होता. मंडळी माशाचं डोकं कुस्करून भात घालायची, तो हुंगून तोंड फिरवायचा. "हासुद्धा त्यांच्यामागे जाणार," ती म्हणायची, "आणि मला ते बघवायचं नाही." लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती पोरसवदा होती. दादाच्या पाठीशी लपूनच ती आमच्या आईच्या रागातून सुटायची.

त्या संध्याकाळी पायाला फडकं गुंडाळून, तेल दिलेली रायफल घेऊन मी पडवीत शिरलो. एक पाऊल टाकायचो, दुसरं ओढायचो. कुत्र्याचे कान उभे राहिले. मग तो स्वतःच उठला. मोठ्या लढाईत डाव्या पायात गोळी लागल्यापासून दादाही असाच चालायचा. कुत्र्याने रायफल हुंगली, मला हुंगलं, पायावरचं खोबरेल चाटून पाहिलं, आणि जाऊन भात खाऊ लागला.

"खातोय हो!" मंडळी दारातून कुजबुजली. जोरात बोललं तर तो थांबेल, अशी तिला धास्ती.

रविवारी हवालदार, मी आणि कुत्रा गावामागच्या कातळी सड्यावरच्या जुन्या चिरेखाणीत गेलो. खाणीच्या भिंतीपुढे नारळावरून सोललेली दोन-चार सोडणं नेमासाठी मांडली.

"अहो धाकटे," हवालदार म्हणाले, "नवी नळी आतून खरबरीत. एक गोळी, मग सफाई. पुन्हा एक, पुन्हा सफाई. घाई कराल तर जन्मभर वाकडी मारील."

"मी असताना तिला निराळं वाकडं व्हायची गरज नाही."

गोळी सुटली. सोडणं जागच्या जागी हसत राहिली. कुत्रा मात्र तीरासारखा गवतात घुसला. बराच वेळ हुंगत फिरला आणि रिकाम्या तोंडाने परत आला. आम्ही तीन दगडांच्या चुलीवर पाणी उकळलं, नळीतून सोडलं (या खेपेस पाय लांब ठेवून), ब्रश फिरवला, गजाला फ्लॅनेलच्या चिंध्या लावून ओढल्या. आधी काळ्या निघाल्या, मग करड्या, मग पांढऱ्या. तेलाचं बोट फिरवलं, पुन्हा गोळी झाडली. कुत्रा पुन्हा धावला. दर खेपेस त्याची धाव मंदावत होती, शोधणं लांबत होतं. परत आला की तो माझ्याकडे बघेना.

हवालदारांनी चिंधी हातातच धरली. "दादाची गोळी फुकट जायची नाही," ते म्हणाले. "याला वाटतंय, शिकार पडलीय आणि आपलंच नाक गेलं."

त्यानंतरच्या गोळीला तो फारच वेळ आला नाही. आला तेव्हा तोंडात नारळाचं सोडण होतं. माझ्या पायाशी ठेवून मान खाली घालून उभा राहिला.

"शाब्बास, गड्या," मी म्हणालो. दादा म्हणायचा तसं म्हणायला गेलो, पण आवाज माझाच निघाला.

हवालदार नळीला डोळा लावून तोंड फिरवून बसले होते. "स्वच्छ आहे," म्हणाले. बोल्ट आत बसवलेला होता, पलीकडचा उजेड दिसणं शक्यच नव्हतं.

त्या दिवसानंतर मी गोळी झाडली नाही, नळी सरावायची राहिली ती राहिलीच. डुकरांसाठी आम्ही पत्र्याचे डबे बडवले. पण दर रविवारी मी रायफल काढून सफाई करायचो. पुन्हा न झाडलेल्या नळीतून पांढरी चिंधी घालायची आणि पांढरीच बाहेर काढायची. कुत्रा त्या तेलाच्या वासाला नाक लावून शेजारी बसायचा. साऱ्या रत्नागिरीत इतकी स्वच्छ आणि इतकी निरुपयोगी नळी दुसरी नसेल.

पाय बरा झाला. एके सकाळी मी विसरून सरळ चालत पडवीत आलो. उठू लागलेला कुत्रा अर्ध्यावर थांबला आणि माझ्याकडे पाहून पुन्हा बसला. त्या दिवशी भात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मी लंगडू लागलो. कचेरीत सरळ, घराभोवतीच्या गडग्याची कवाडी उघडली की लंगडा. एकदा गडबडीत उजवा पाय ओढला, तर कुत्र्याने असं पाहिलं की मी जागच्या जागी पाय बदलला. मंडळी तेव्हा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. फक्त त्याच्या भातात माशाचं डोकं रोज घालत राहिली, आणि तो खात राहिला.

भातं झोडून झाली त्या सुमारास, एका दुपारी, तो खुंटीखालीच निजल्या जागी गेला. हवालदारांनी आणि मी गडग्याच्या कडेला, दादाने लावलेल्या आंब्याच्या कलमाखाली खड्डा केला. परत आलो तेव्हा मंडळी मागीलदारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने माझ्या हातापायांवर पाणी घातलं. पाय पुसून मी पायरी चढलो आणि पडवीकडे निघालो.

"अहो," ती मागून म्हणाली, "आता नीट चाला."