काकूंची जादाची चिमूट

नर्सरीत काम करणाऱ्याला कुणी "एखादा किस्सा सांगा" म्हणू नये. एक उपटायला जावं तर मुळाला धरून चार वर येतात. आमच्या कोल्हारच्या नर्सरीत तर काकूंमुळे किस्सेसुद्धा दाटच उगवले. मी तिथला टेम्पो चालवतो, रोपं पोचवतो आणि गिऱ्हाइकांची बोलणी सगळ्यांच्या आधी खातो. मालक अण्णा, काकू म्हणजे त्यांची बायको, आणि तिसरी रमाताई, जिच्याशिवाय नर्सरीचं पान हलत नाही.

काकूंची एक खोड होती. ट्रेमध्ये बी टाकून झालं की वरून आणखी एक चिमूट भुरभुरायची. अण्णा ओरडायचे, "अगं, जागा किती, बी किती!"

काकूंचं उत्तर ठरलेलं. "समदी कुठं जगत्यात?"

*

कोथिंबीर पेरण्याआधी धने रगडून दोन फाकी करतात, म्हणजे एका धन्याची दोन रोपं होतात. काकू धने रगडायच्या आणि वर ती चिमूट टाकायच्याच! एकदा ट्रे इतके भरले, की त्यावर मांजर झोपायचं तरी खालची माती दिसायची नाही. मग विरळणी, म्हणजे जादाची रोपं काढायला आम्ही सगळे बसलो. काढलेलं फेकायचं नाही, हा काकूंचा नियम. त्यामुळे डब्यात कोथिंबिरीची वडी, कोथिंबिरीची चटणी, वरणात कोथिंबीर, भातावर कोथिंबीर.

शेवटी रमाताईने हात जोडले. "काकू, उद्यापासनं डबा नगं. मला सरळ दावनीला बांधा!"

*

नगरच्या फ्लॅटमधल्या एका बाईंनी तुळशीची पिशवी नेली. घरी जाऊन फोन केला, "अहो, एका पिशवीत पाच-सात रोपं आहेत! मी यातलं ठेवू कुठलं?"

मी तोंड उघडणार तोच काकूंनी मोबाईल ओढून घेतला. "एकबी काढू नका. बाल्कनी वाढवा!"

बाई पुन्हा आल्या त्या रिकाम्या कुंड्या न्यायला.

*

द्वादशीला तुळस तोडत नाहीत. आणि नेमके त्याच दिवशी तुळशीचे ट्रे विरळायला आलेले. अण्णा हात लावेनात, काकू लावेनात, माझी तर हिंमतच नव्हती. काकू हळूच रमाताईला म्हणाल्या, "रमे, तुमच्यात द्वादशी नसती ना? तू काढ की."

रमाताई हसली नाही. "द्वादशी न्हाई काकू, पन जीव तर हायच की."

काकू पदर खोचून तिच्या शेजारी बसल्या. दोघींनी एकेक रोप मुळासकट सोडवलं आणि वेगळ्या पिशवीत लावलं. त्या दिवसापासून आमच्याकडे तुळस उपटणं बंद झालं, वेगळी करणं सुरू झालं. काम दुपटीने वाढलं, पण त्याबद्दल कधी कुणी कुरकुरलं नाही.

*

एकदा मिरजगावची ऑर्डर पोचवायला अण्णा टेम्पोत शेजारी होते. मी आपला गमतीत म्हणालो, "अण्णा, काकूंच्या हातून बियांची पुडी काढून घ्या बुवा."

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमची दोन लेकरं पाळन्यातच गेली. तवापासनं ती मोजून पेरत न्हाई."

मला फार वाईट वाटलं. त्या चिमटीला मी पुन्हा कधी हसलो नाही.

*

यंदा काकू गेल्या. दवाखान्यात नेण्याआधी त्यांनी तुळशीचा एक ट्रे पेरला होता. हात थरथरत होता, अख्खी पुडीच त्यात गेली. दहावा उरकून आम्ही नर्सरीत परतलो तेव्हा ट्रे हिरवागार झालेला. दोऱ्यासारखी बारीक रोपं एकमेकांना चिकटून उभी, आणि एका कोपऱ्यात ती आडवी पडायला लागलेली.

अण्णा ट्रेला हात लावू देईनात. "तिच्या हातचं हाय. एकबी जाया न्हाई पायजे."

रमाताई म्हणाली, "आन्ना, अशी दाटीत ठेवली तर समदीच जातील. आपन येगळी करू. एकूनएक."

अण्णांनी मान डोलावली. मातीचे गोळे पाण्यात सैल करायचे, पानाला धरून रोप सोडवायचं. अण्णा चष्मा लावून, श्वास रोखून बसले होते. पिशव्या संपल्या. दुधाच्या पिशव्या आल्या, हॉटेलातले चहाचे कप आले. मी मिरजगावच्या गिऱ्हाइकाला फोन केला, "आज टेम्पो येणार नाही, काकूंची तुळस वेगळी करतोय."

तिकडून उत्तर आलं, "मंग उद्याबी नका येऊ, आधी ती करा!"

पण रोपं अगोदरच नाजूक झालेली. शेडनेटच्या सावलीत ठेवूनही रोज सकाळी दोन-चार माना टाकायची. अण्णा यायच्या आत रमाताई आणि मी मेलेली काढायचो आणि दुसऱ्या ट्रेमधली तेवढीच रोपं त्या जागी लावायचो. कोवळेपणी सगळ्या तुळशी सारख्याच दिसतात. अण्णा येऊन प्रत्येक पिशवीवर नजर फिरवायचे, आणि त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. आम्हाला तेवढं पुरे होतं.

रोपं तरारली, तशी उन्हात मांडली. आणि घात झाला! काकूंची तुळस हिरवी, रामतुळस. आम्ही घातलेली निघाली कृष्णतुळस. ऊन लागताच हिरव्या रांगांमध्ये जागोजाग जांभळी पानं दिसायला लागली. रमाताई माझ्याकडे बघून कुजबुजली, "आता रं?"

अण्णा पाण्याची झारी घेऊन आले. पहिल्या जांभळ्या रोपापाशी थांबले. वाकून पान बोटांत धरलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. आमच्याकडे एकदा बघितलं. मग हिरव्याला घातलं तितकंच पाणी प्रत्येक जांभळ्या रोपाला घातलं.

काकू ज्या उपड्या क्रेटवर बसून पेरायच्या, तो अजून तिथेच होता. अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बघ गं," ते म्हणाले, "समदी जगली."