टँकरच्या रांगेत उन्हाची सूचना

गेल्या मंगळवारी भर दुपारी आमच्या गल्लीतल्या शांतामावशी टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडल्या. नेमकी तेव्हाच नगरपालिकेची भोंगा लावलेली रिक्षा शेजारून गेली: "नागरिकांनो, दुपारी उन्हात बाहेर पडू नका. भरपूर पाणी प्या."

"अरे मेल्या, घरात पाणी आलं असतं तर इथं कशाला तापत बसलो असतो?" रांगेतली एक बाई ओरडली. रिक्षा पुढे निघून गेली.

मावशींना सावलीत नेलं, तरी त्या उठायला बघत होत्या. नुसता हंडा रांगेत ठेवून भागत नाही. टँकरवाला समोर माणूस असेल तरच पाणी देतो. "माझा नंबर गेला तर नातवंडं काय पितील?" मावशी म्हणत होत्या.

त्या भोंग्याची मला चीड येते. जणू ऊन अंगावर घ्यायची आम्हाला हौसच आहे! अशी काळजी ऐकता ऐकता माणूसच गुन्हेगार ठरतो: सांगितलं होतं ना, बाहेर कशाला गेलात? टँकर दुपारी कोण पाठवतं, हे कुणी विचारत नाही.

तुमच्या घरात नळाला पाणी येतं ना? म्हणजे तुम्हाला रांगेतला नंबर जायची भीती नाही. मग उद्या आमच्याबरोबर नगरपालिकेत चला आणि टँकर सकाळी पाठवायला सांगा.