दांडा माझा, बटण दादाचं

दादाला झटका येऊन चार महिने झाले होते, तेव्हा मी व्हिडिओ गेमचं मशीन बनवायला घेतलं.

असं एकदम सांगितलं तर माणूस वेडा वाटतो. वहिनीलाही तसंच वाटलं होतं. म्हणून नीट सांगतो.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. वाळूजला एका कारखान्यात कंत्राटावर होता. एका सकाळी कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच कलंडला. उजवी बाजू गेली. पाय महिन्याभरानं थोडा परत आला, भिंतीला धरून मोरीपर्यंत जाण्याइतका. बोलणंही आलं, जाड आणि कमी. उजवा हात मात्र आला नाही. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "पहिले सहा महिने महत्त्वाचे. हात जेवढा वापरतील तेवढा येईल. पण त्यांना स्वतःला वाटलं पाहिजे हो, आपण हलवून काय होतंय?"

दादाला वाटत नव्हतं. दाबायला दिलेला मऊ चेंडू मांडीवरून घरंगळून खाटेखाली जायचा. वहिनी वाकून काढायची, हातात ठेवायची. तो परत खाली. टीव्ही बंद असला तरी दादा टीव्हीकडंच बघत बसायचा. वहिनीनं मला जिन्यात गाठून सांगितलं, "भावजी, हात नाय आला तर उन्हाळ्याच्या आत आम्ही गावाकडं जाणार. इथं कारखान्याबिगर काय हाय आमचं? तिथं चार माणसं तर हायेत."

गाव म्हणजे देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाला लागून. एक रात्र एसटीत बसून राहायचं. आम्ही मेंढरंवाले. मी गाव सोडलं तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि ते दादानं सोडायला लावलं. या शहरात त्याच्याशिवाय माझं कुणी नाही. त्याच्याच घरावरच्या खोलीत मी एकटा राहतो. म्हणजे तो हात त्याला हवा होता की नाही, माहीत नाही. मला हवा होता, हे आधीच कबूल करून ठेवतो.

आई गेली त्या साली बाप मेंढरं घेऊन रानोमाळ होता. दादा एकोणीस-वीस वर्षांचा, इथं, तेव्हाच्या औरंगाबादेत, नुकता कामाला लागलेला. तो मला घेऊन आला. छावणीत एका गल्लीत खोली होती, खिडकी नसलेली. शाळेत पाचवीत घातलं. शाळेतून आलं की खोलीत एकट्यानं बसायचं, दादा येईपर्यंत. ते मला जमायचं नाही. मी दाराबाहेर पायरीवर बसायचो आणि अंधार पडायला लागला की रडायचो. शेजारचे लोक दादाला सांगायचे, तुमचं पोरगं फार रडतं. दादा ऐकून घ्यायचा.

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं एक दुकान होतं. दाराला हिरवं कापड, आत चार मशीन. कापड बाजूला सारलं की पहिल्यांदा तापलेल्या धुळीचा वास यायचा, मग आवाज. चारही मशीन एकदम बोलायची, कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही. आमचं तिसरं. विमानाचा गेम. खालून आपलं विमान, वरून त्यांची. त्या मशीनची काच इतक्या वर्षांत भाजली होती. वरची आकड्यांची ओळ तिच्यात कायमची उमटली होती. मशीन बंद असतानाही ती ओळ पुसट दिसायची. मला ते फार आवडायचं. इथं काहीतरी झालं होतं, याची खूण असल्यासारखं.

दांडा डाव्या बाजूला, बटण उजवीकडं. तो दांडा एवढा घट्ट होता की मला दोन्ही हात लागायचे. मग गोळ्या कोण झाडणार? म्हणून दादा. मी पुढं उभा, छाती फळीला टेकलेली. दादा माझ्या मागं, माझ्या खांद्यावरून उजवा हात पुढं घालून बटणावर. एका नाण्यात दोघं. दांडा माझा, बटण दादाचं.

दुकानवाल्या चाचांना आमची ही तऱ्हा बघून हसू यायचं. स्टुलावर बसून ते तिथनंच ओरडायचे, "अरे, एक सिक्के में दो-दो जने खेलरै! फिर मरना भी आधा-आधा. बाद में झगड़ा नक्को." विमान फुटलं की म्हणायचे, "कौन मरा? आगेवाला या पीछेवाला?" दादा म्हणायचा, "मीच मेलो चाचा, त्याला राहू द्या."

दादाची बटणाची एक पद्धत होती. तो थांबायचाच नाही. समोर विमान असो नसो, टक टक टक टक चालूच. मला वाटायचं हीच त्याची कला. पुढं शाळेतल्या पोरांना मी सांगायचो, आमच्या दादासारखं बटण कुणाला येत नाही.

सहावीत मी शाळा सोडली. सोडली म्हणजे जायचं बंद केलं. दादानं एकदाच मारलं. दुसऱ्या दिवशी हाताला धरून एका मिस्त्रीकडं घेऊन गेला आणि म्हणाला, "शिक्षण नाय तर नाय. हाताला काहीतरी येऊ दे याच्या." आज मी प्लायचं काम करतो, लोकांची स्वयंपाकघरं. कागदावरचं ड्रॉइंग बघून मिलिमीटरपर्यंत बरोबर कापतो. माझ्या हाताला जे आलं ते त्यानं आणलं. हे त्याला कधी सांगितलं नाही. आमच्यात तसं सांगत नाहीत.

तर मला वाटलं, मशीन समोर असलं, तोच गेम, तेच बटण, तर त्याचा हात आपोआप जाईल. चेंडूवर नाही जात, बटणावर जाईल. चार वर्षं रोज संध्याकाळी त्या हातानं तेच तर केलं होतं.

जुने खेळ भरलेलं तळहाताएवढं यंत्र आता घरपोच मिळतं. दांडा, बटणं, वायरी, सगळं एका डब्यात. पडद्यासाठी एका दवाखान्यानं टाकून दिलेला संगणकाचा जुना मॉनिटर मिळाला. खोकं मी करणार होतो. मोबाईलवर फोटो हजार होते, पण ती सगळी गुळगुळीत, बुटकी मशीन. मला तसलं नको होतं. मला चाचांचं तिसरं मशीन हवं होतं. त्याचं माप कुणाकडं नव्हतं, पण मला वाटलं माझ्याकडं आहे. फळी छातीला लागायची. काच डोळ्यांच्या जरा वर, मान किंचित उचलावी लागायची. एवढं पक्कं आठवत असताना ड्रॉइंग कशाला?

रविवारी आमचा फर्निचरचा कारखाना बंद असताना मालकाच्या परवानगीनं अठरा एमएमचा प्लाय कापला. भिंतीला पाठ लावून छातीच्या खळग्याशी पेन्सिलची खूण केली. तिथं फळी. डोळ्यांच्या वर चार बोटं, तिथं पडदा. काळा सनमायका लावला. कडांना लाल पट्टी, तशीच. दाराला लावायला हिरवं कापडसुद्धा आणलं, मग लाज वाटली आणि ते पिशवीतच ठेवलं. तीन रविवार गेले. मधल्या दिवसांत रोज मला धाकधूक: बटण नीट दाबलं जाईल ना, जोर तर लागणार नाही? सगळ्यात हलकं बटण बसवलं. बोटाच्या टोकानं जरा ढकललं तरी दाबलं जाईल असं.

चौथ्या रविवारी टेम्पोतून आणून दादाच्या खोलीत उभं केलं. वहिनी हात पुसत बाहेर आली आणि बघतच राहिली.

"भावजी, काय केलाव हे? याच्यात गहू भरायचे का माणूस उभा करायचा?"

मी हसलो. वायर लावली. गेमचा सूर वाजला, अगदी तोच. मी मागं वळून दादाकडं बघितलं. तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर फळीची खालची बाजू होती. पडदा त्याच्या डोक्याच्या वर कुठंतरी. त्याला तिथनं फक्त माझे स्क्रू दिसत होते.

तेव्हा कळलं मी काय केलं होतं. फळी छातीला लागायची, पण कुणाच्या? दहा वर्षांच्या पोराच्या. मी ते माप आत्ताच्या माझ्या अंगावर चढवलं होतं. वीस-पंचवीस वर्षं मिलिमीटरमध्ये काम करणारा माणूस मी. याहून वाईट म्हणजे ते बनवताना तीन आठवडे मला दादा उभा दिसत होता. माझ्या मागं, खांद्यावरून हात घालून. तो बसलेला असेल हे मला एकदाही सुचलं नाही. चार-पाच महिने रोज बघत होतो तरी.

"लई उंच झालं," दादा म्हणाला.

"व्हय. कापतो."

अंगणात आडवं घालून मी जिगसॉनं खालून सोळा इंच कापलं. रेघ वाकडी गेली. काळा भुगा सगळ्या कपड्यांवर. वहिनी दारात येऊन म्हणाली, "चहा टाकते." परत उभं केलं तर ते मशीन कंबरेतून मोडल्यासारखं दिसायला लागलं. डुगडुगत होतं, खाली पुठ्ठा घातला. पण दादाला पडदा दिसला.

मी खुर्चीमागं गुडघ्यावर बसलो. आता मी मागं, तो पुढं. त्याच्या डावीकडून हात घालून मी दांडा धरला. त्याचा उजवा हात उचलून बटणावर ठेवला. गार होता, आणि हात असावा त्यापेक्षा जड.

"दादा, बटण तुझं."

गेम सुरू झाला. मी विमान डावीकडं घेतलं, उजवीकडं घेतलं. बोटं बटणावर होती, नुसती ठेवलेली. गोळी सुटली नाही. विमान फुटलं. दुसरं आलं, तेही. मी म्हणत होतो, "दाब ना. दाब, दाब की रे." माझाच आवाज मला पायरीवर रडणाऱ्या पोरासारखा वाटायला लागला. तिसरं फुटलं. पडदा काळा झाला आणि त्यात आम्ही दोघं दिसलो.

"मला हा गेम कधी कळलाच नाय," दादा म्हणाला.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"कळला नाय. कुणाला मारायचं, कधी मारायचं. मी नुसता दाबायचो." तो दम घ्यायला थांबला. "आठ तास उभं राहून यायचो. पाय लई दुखायचे."

"मग काहून यायचास रोज?"

"तू खोलीवर रडायचास. तिथं रडत नव्हतास."

वहिनी चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. माझ्या लहानपणात एवढी एकच जागा उजेडाची होती, आणि तिथं मी एकटाच होतो. तो माझ्या मागं उभा राहून माझं रडं थांबायची वाट बघत होता. आणि मी त्याच्याकडं ते परत मागायला आलो होतो, त्याच्या मेलेल्या हाताकडं. सहा महिन्यांतले जे थोडे दिवस उरले होते, त्यांतले चार आठवडे मी या खोक्यात घातले. त्या बाईंनी शिकवलेला व्यायाम मी बसून करून घेतला असता तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही.

"लाव," दादा म्हणाला.

"राहू दे आता."

"लाव म्हणलं ना."

मी परत सुरू केलं. त्यानं डावा हात आडवा आणला, अंगावरून, अवघडून, आणि उजव्या हाताची बोटं बाजूला सारून बटण दाबायला लागला. टक टक टक टक. समोर काही असो नसो. विमान बराच वेळ टिकलं. तो पडद्याकडं बघतच नव्हता. काळ्या सनमायक्यात माझं तोंड दिसत होतं, तिकडं बघत होता. उजवा हात फळीवरून सरकून मांडीत पडला. आम्हा दोघांपैकी कुणीच तो उचलला नाही.

होळीच्या आधी ते गावाकडं गेले. स्टँडवर वहिनी म्हणाली, "जेवत जा वेळेवर." दादानं खिडकीतून डावा हात काढला होता.

मशीन आता माझ्या वरच्या खोलीत आहे. कामावरून आलो की कधीकधी लावतो. हा दांडा नवा आहे, लोण्यासारखा फिरतो, एका हातानं सहज होतं. उजवा हात मोकळाच असतो. पण गेम सुरू झाला की माझे दोन्ही हात दांड्यावर जातात. खाली घेऊन बघितले, आपोआप परत जातात. बटण तिकडं उजवीकडं तसंच राहतं. मग मी विमान नुसतं चुकवत फिरवतो, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, गोळी न झाडता, जेवढं टिकेल तेवढं. फार टिकत नाही.